वशिला कोणाचा? अठराव्या शतकातल्या इंग्रज पाद्र्याची कारकीर्द कागदांतून कशी शोधायची

यॉर्क शहराच्या उत्तरेला आठेक मैलांवर सटन-ऑन-द-फॉरेस्ट नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या वहीत बारशांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या सोबतीला एका गारपिटीची नोंद आहे. मे १७४५. गारांचा घेर सहा इंच. पिकं झोपली, पाद्रीबुवांच्या इथल्या आणि शेजारच्या स्टिलिंग्टनमधल्या अशा दोन्ही घरांच्या दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बहुतेक खिडक्या फुटल्या. याच पाद्र्याने घराला सरकत्या सॅश खिडक्या बसवायला १२ पौंड खर्च केल्याचंही वहीत लिहून ठेवलंय, तेही १७४१ साली, म्हणजे गारा पडायच्या जेमतेम चार वर्षं आधी. ही दोन टिपणं मी पहिल्यांदा एकापाठोपाठ वाचली तेव्हा हसू आवरेना.

हा पाद्री म्हणजे लॉरेन्स स्टर्न. पुढे ‘ट्रिस्ट्रम शँडी’ ही कादंबरी लिहून लंडनभर गाजलेला. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो यॉर्कशरमधला एक साधा, कर्जात बुडालेला, भांडखोर पाद्रीच होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असे हजारो पाद्री होते, आणि त्यांच्यातल्या कुणाचाही माग काढण्याची रीत एकच. म्हणून पुढे सगळीकडे उदाहरण म्हणून स्टर्नच घेतलाय. तुम्हाला मुंबईतल्या एखाद्या जुन्या दफनशिळेवर नाव सापडलं असेल, भाषांतर करताना कुणी ‘रेव्हरंड’ आडवा आला असेल किंवा नुसती हौस असेल, तरी पायऱ्या याच.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चर्च ऑफ इंग्लंडमधली गावची जागा ही आपल्याकडच्या वतनासारखी होती. तिला ‘लिव्हिंग’ म्हणत. तिच्यासोबत उत्पन्न यायचं, बहुतेक ठिकाणी घर आणि थोडी जमीन यायची, आणि एकदा माणूस बसला की मरेपर्यंत सहसा हलत नसे. ती द्यायचा हक्क कुणाच्या तरी मालकीचा असे. कधी बिशपचा, कधी राजाचा, कधी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजचा, कधी गावच्या जमीनदाराचा. हा हक्क चक्क विकत घेता यायचा. त्यामुळे प्रत्येक नेमणुकीपाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: ही जागा कुणाच्या हातात होती आणि त्याने ती यालाच का दिली?

आधी तारखांचा घोळ निस्तरा

हे शेवटी करू म्हणाल तर फसाल. मी फसलोय. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या नोंदीवर आपल्या हिशेबाने मागचं साल पडलेलं असतं. स्टर्नला यॉर्क मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, पहिलं मानाचं आसन मिळालं ते जानेवारी १७४१ मध्ये, पण त्या वेळच्या कागदावर साल १७४०. लग्न झालं ३० मार्च १७४१ला आणि कागदावरही १७४१च. मी दोन्ही तारखा जशाच्या तशा उतरवून घेतल्या आणि आसन मिळाल्यावर सव्वा वर्षाने त्याने लग्न केलं, असं बेधडक लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात मध्ये जेमतेम अडीच महिने होते. हा फरक क्षुल्लक नाही. नुकतीच बढती मिळालेला तरुण लगेच बोहल्यावर चढला, की वर्षभर थांबला, याने गोष्टच बदलते.

अशा तारखा १७४०/४१ अशा जोडसालात लिहा. शिवाय १७५२च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नाव पकडा, पण घाई नको

सुरुवात करायची ती ‘क्लर्जी ऑफ द चर्च ऑफ इंग्लंड डेटाबेस’ या मोफत संकेतस्थळावरून. १५४० ते १८३५ या काळातल्या पाद्र्यांच्या दीक्षा, नेमणुका, सह्या आणि परवाने बिशपांच्या दफ्तरांतून वेचून तिथे एकत्र केले आहेत. माणसाच्या नावाने शोधता येतं, गावाच्या नावानेही येतं. गावाच्या बाजूने जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्या गावी आधी कोण होता, नंतर कोण आला, हे एका नजरेत कळतं.

नावाची स्पेलिंगं पाच-सहा तऱ्हांनी शोधून पाहा. Laurence चं Lawrence होतं, आडनावाच्या शेवटचं अक्षर गळतं. एकाच माणसाच्या नोंदी दोन वेगळ्या व्यक्तींखाली विखुरलेल्या सापडतात. उलट बाप-लेक किंवा काका-पुतणे एकाच नावाचे असले की दोघांचा एकच माणूस करून टाकायचा मोह होतो. नाव, कॉलेज आणि जागा, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी जोडू नका.

पाद्री म्हटलं की बरेच जण ‘क्रॉकफर्ड’ची डिरेक्टरी सुचवतात. ती १८५८ पासून निघाली. अठराव्या शतकासाठी तिचा उपयोग नाही.

कॉलेज: बाप काय करत होता ते इथे कळतं

त्या काळी बहुतेक इंग्रज पाद्री ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमधून आलेले असत. ऑक्सफर्डसाठी फॉस्टरने केलेली यादी, केंब्रिजसाठी व्हेन बाप-लेकांनी केलेली. दोन्ही जालावर फुकट वाचायला मिळतात. चार ओळींच्या नोंदीत जन्मगाव, शाळा, बापाचं नाव, प्रवेशाची आणि पदवीची सालं आणि पुष्कळदा पुढच्या नेमणुकाही असतात.

त्यातला सर्वांत बोलका शब्द असतो विद्यार्थ्याचा दर्जा. केंब्रिजमध्ये वरच्या थरात सरदारपुत्र आणि ‘फेलो कॉमनर’, मध्ये स्वतःच्या पैशाने शिकणारे ‘पेन्शनर’ आणि तळाला ‘सायझर’. सायझर म्हणजे फी माफ, पण कॉलेजात हलकी कामं करून शिकायचं. आपल्याकडच्या वारावर जेवून शिकणाऱ्या मुलांची आठवण यावी असा प्रकार. स्टर्न १७३३ मध्ये जीझस कॉलेजात सायझर म्हणून दाखल झाला. बाप पायदळातला गरीब अधिकारी, जन्म छावणीच्या फिरतीत, आयर्लंडमधल्या क्लॉनमेलला, २४ नोव्हेंबर १७१३ रोजी.

पण याच कॉलेजचा एकेकाळचा मास्टर रिचर्ड स्टर्न हा त्याचा पणजोबा, आणि तो पुढे यॉर्कचा आर्चबिशप झालेला. म्हणजे खिशात दमडी नाही पण आडनावाला वजन आहे. अशी जोडी दिसली की समजा, कारकिर्दीत कुठेतरी एखादा काका दडलेला आहे.

दीक्षा: वय तपासा, बिशप तपासा

पाद्री व्हायचं तर दोन पायऱ्या. आधी डीकन, किमान वय २३. मग प्रीस्ट, किमान वय २४. दोन्ही वेळा कागद लागत. बाप्तिस्म्याचा दाखला, चालचलणुकीबद्दल ओळखीच्या पाद्र्यांचं पत्र, रविवारी चर्चमध्ये जाहीर वाचून कुणी हरकत घेतली नाही याचा दाखला, आणि ‘टायटल’, म्हणजे अमुक ठिकाणी पगारी काम ठरलंय याचा पुरावा. हे जुडगं टिकलं असेल तर ते सोन्याहून मोलाचं. ते कौंटीच्या अभिलेखागारात किंवा बिशपच्या दफ्तरात मिळतं. यॉर्कपुरतं बोलायचं तर यॉर्क विद्यापीठातल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये.

वयाचा हिशेब करून बघा. स्टर्न डीकन झाला मार्च १७३७ मध्ये, वय २३ पूर्ण. प्रीस्ट झाला ऑगस्ट १७३८ मध्ये, वय २४. म्हणजे दर वेळी दार उघडायचा अवकाश की हा उंबऱ्यावर हजर. जागा तयार ठेवून कुणीतरी वाट पाहत होतं, असा संशय इथेच यायला हवा.

एक अडचण इथे येते. त्याला डीकन केलं लिंकनच्या बिशपने आणि प्रीस्ट केलं चेस्टरच्या बिशपने, पण पुढची कारकीर्द मात्र यॉर्कच्या हद्दीत. एका बिशपच्या पत्रावर दुसऱ्याने दीक्षा देणं तेव्हा सर्रास चाले. म्हणून एकाच धर्मप्रांताचं दफ्तर चाळून ‘नोंद नाही’ असा निकाल देऊ नका. आणि आजचा नकाशा वापरू नका. स्टर्नने पहिली नोकरी केली ते सेंट आइव्ह्ज हंटिंगडनशरमधलं, आणि हंटिंगडनशर तेव्हा लिंकनच्या बिशपकडे होतं.

नेमणूक: क्रियापद वाचा

रेक्टर, व्हिकर, परपेच्युअल क्युरेट आणि क्युरेट, हे चार शब्द नीट समजले की निम्मं काम झालं. शेतातल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. हा सगळा दशांश ज्याला मिळतो तो रेक्टर. व्हिकरला त्यातला धाकटा वाटा: भाजी, फळं, कोकरं, डुकरं वगैरे. धान्याचा मोठा वाटा जमीनदार किंवा एखादी संस्था आधीच गिळून बसलेली असे. परपेच्युअल क्युरेटला दशांश नाही, ठरलेली रक्कम, पण जागा कायमची. आणि नुसता क्युरेट म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर पगारावर राबणारा. कुणाच्या नावापुढे ‘क्युरेट ऑफ कॉक्सवोल्ड’ दिसलं म्हणून त्याला लगेच गरीब बिचारा ठरवू नका. यॉर्कशरमधल्या या कॉक्सवोल्ड गावचा स्टर्न परपेच्युअल होता.

मग नोंदीतलं क्रियापद. बिशपच्याच हातातली जागा बिशपने दिली की ‘कोलेशन’. दुसऱ्या मालकाने नाव सुचवून बिशपने बसवलं की ‘इन्स्टिट्यूशन’. परपेच्युअल क्युरेटला ‘नॉमिनेशन’ आणि परवाना. एवढ्या एका शब्दावरून वशिला कुठून आला याची दिशा कळते.

स्टर्नच्या तीन जागा या दृष्टीने लावून पाहा. सटन, ऑगस्ट १७३८, प्रीस्ट झाला त्याच महिन्यात. मालक यॉर्कचा आर्चबिशप. आर्चबिशपच्या गोटात वजन असलेला माणूस कोण? काका जॅक्स स्टर्न, यॉर्क मिन्स्टरमधला बडा अधिकारी आणि व्हिग पक्षाचा कडवा कार्यकर्ता. स्टिलिंग्टन, १७४४. ही जागा बायकोमुळे मिळाली, असं त्याने स्वतःच मुलीसाठी लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितलंय. तिच्या एका हितचिंतकाने शब्द दिला होता की यॉर्कशरमधल्या पाद्र्याशी लग्न केलंस तर ही जागा रिकामी होताच नवऱ्याला देववीन. इंग्रजी हुंडाच म्हणायचा. आणि कॉक्सवोल्ड, मार्च १७६०. देणारा लॉर्ड फॉकनबर्ग. त्या महिन्यात स्टर्न लंडनमध्ये होता आणि पुस्तकाने त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी केलं होतं. काका, बायको, कीर्ती. वीस-बावीस वर्षांची कारकीर्द या तीन जागांत आली.

सटन आणि स्टिलिंग्टन या दोन्ही जागा एकाच वेळी ठेवायला खास सूट लागे. ती मिळवायची एक वाट म्हणजे एखाद्या उमरावाचा चॅप्लेन, म्हणजे खासगी पाद्री होणं. स्टर्न अबॉइनच्या अर्लचा चॅप्लेन झाला. अर्ल स्कॉटलंडचा, हा यॉर्कशरमध्ये, काम शून्य. अशा परवान्यांचे कागद लंडनच्या लँबेथ पॅलेस लायब्ररीत असतात. तुमच्या पाद्र्याच्या नावापुढे अचानक कुण्या दूरच्या सरदाराचा चॅप्लेन असं बिरुद आलं, तर त्याच सुमारास दुसरी जागा मिळाली का ते बघा. बहुतेक वेळा मिळालेली असते.

उत्पन्नाचे आकडे

इथे फार वेळ घालवू नका. छापील यादीत ‘राजाच्या वहीतली किंमत’ म्हणून जो आकडा असतो तो १५३५ च्या मोजणीचा आहे, दोनशे वर्षं शिळा. खरं उत्पन्न ‘ग्लीब टेरियर’मधून कळतं. पाद्र्याच्या वाट्याची शेतं, झाडं, घरातल्या खोल्या, कुठल्या मालावर किती दशांश, असा तो सातबाऱ्यासारखा उतारा असतो.

प्रत्यक्ष काम काय करत होता?

यासाठी दोन कागद. पहिला म्हणजे बिशपच्या तपासणीची प्रश्नावली. आर्चबिशप हेरिंगने १७४३ मध्ये यॉर्क धर्मप्रांतातल्या प्रत्येक पाद्र्याला छापील प्रश्न पाठवले होते. गावात घरं किती, कॅथलिक किंवा इतर पंथांचे लोक किती, शाळा आहे का, तुम्ही गावात राहता का, प्रार्थना किती वेळा होते. ही उत्तरं छापून प्रसिद्ध झाली आहेत. स्टर्नने सटनसाठी लिहिलंय की लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर रविवारी रात्री तो गावची मुलं आणि नोकरमंडळी स्वतःच्या घरी बोलावून सहा ते नऊ धर्मशिक्षण देतो, आणि इतका वेळ लागतो म्हणूनच ते चर्चमध्ये घेत नाही. पुढे चावट कादंबरीकार म्हणून बदनाम झालेल्या माणसाचं हे एक रूप. अर्थात साहेबाला पाठवायचा अहवाल आहे, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच वाचा.

दुसरा कागद म्हणजे पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची वही. ती आधी ‘फॅमिलीसर्च’वर फुकट बघा, मग पैसे घेणाऱ्या साइटवर जा. आपल्याला हव्या त्या नोंदीवरच उडी मारू नका. त्याच्या नेमणुकीपासून मरणापर्यंतची सगळी पानं उलटा आणि अक्षर बघत जा. अक्षर बदललं की तो गावात नाही, क्युरेट काम करतोय. मोडी वाचलेल्याला हे हस्ताक्षर म्हणजे सुट्टीच. फक्त लांब ‘s’ हे ‘f’सारखं दिसतं, एवढं ध्यानात ठेवा. मार्च १७५४ पासून हार्डविकच्या कायद्याने लग्नं ठरावीक नमुन्यात वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंदवावी लागत, त्यामुळे तिथून पुढे काम सोपं होतं.

समासात काय आहे तेही सोडू नका. आपल्या गारा आणि खिडक्याही अशाच वरकड टिपणांतल्या.

भांडणं शोधा

कोर्टाचे कागद हे माणसाचा स्वभाव कळायचं सर्वोत्तम ठिकाण. चर्चची स्वतःची न्यायालयं होती. मृत्युपत्रं, लग्नाचे वाद, बदनामी, दशांशाची थकबाकी सगळं तिथे चाले. स्टर्न स्वतः अशा दोन छोट्या न्यायालयांचा कमिसरी, म्हणजे न्यायाधीश होता. काकाशी त्याचं आधीच फाटलं होतं. १७४१-४२च्या निवडणुकीच्या धामधुमीत काकासाठी वर्तमानपत्रात चिखलफेक केली, मग त्याचा वीट येऊन लिहिणं सोडलं, आणि काका जन्माचा वैरी झाला. पुढे १७५९ च्या सुरुवातीला यॉर्कच्या धर्मकोर्टातल्या पदांवरून झालेल्या भांडणात स्टर्नने एक उपहासपर पुस्तिका छापली. वरिष्ठांची अब्रू जाते म्हणून ती जवळजवळ सगळी जाळून टाकली गेली. चर्चमध्ये वर चढायची आशा त्या धुरात गेली आणि त्याच वर्षी तो कादंबरी लिहायला बसला.

नेमणुका आणि निधनवार्तांसाठी १७३१ पासूनचं ‘जंटलमन्स मॅगझिन’ चाळा. तारखा मात्र दुसरीकडे पडताळून घ्या. आत्मवृत्तावरही तोच नियम लावा. स्टर्नचं आत्मवृत्त गोड आहे आणि तपशिलात चुकतं.

मेल्यानंतरचे कागद

स्टर्न १८ मार्च १७६८ रोजी लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर क्षयाने गेला. पण पाद्र्याचा हिशेब मरणाने मिटत नसे. घर मोडकळीला आलं असेल तर दुरुस्तीचा खर्च नवा पाद्री जुन्याच्या वारसांकडून वसूल करू शके. याला ‘डायलॅपिडेशन्स’ म्हणत. सटनचं घर १७६५ मध्ये क्युरेटच्या घरच्यांच्या हलगर्जीपणाने जळालं होतं आणि स्टर्नने ते पुन्हा बांधलंच नाही. नंतर आलेल्या पाद्र्याने विधवेवर दावा लावला आणि शेवटी ६० पौंडांवर तडजोड झाली. १२ पौंडांच्या खिडक्यांचं घर ते. तेव्हा मृत्युपत्र मिळालं नाही तर निराश न होता पुढच्या पाद्र्याच्या नावाने शोधा.

दफनाची जागा कायमची असते असंही धरून चालू नका. स्टर्नला लंडनमध्ये पुरलं. प्रेत चोरून केंब्रिजला विच्छेदनासाठी नेलं आणि तिथे कुणीतरी चेहरा ओळखला, अशी कथा तेव्हापासून सांगतात. १९६९ मध्ये त्याचे म्हणून ओळखलेले अवशेष कॉक्सवोल्डला नेऊन पुन्हा पुरले.

आणि माझगाव

पाद्र्याच्या आयुष्यात कुणी ईस्ट इंडिया कंपनीचं माणूस दिसलं तर हा धागा सोडू नका. १७६७ च्या जानेवारीत स्टर्नची लंडनमध्ये एलायझा ड्रेपरशी गाठ पडली, कमोडोर विल्यम जेम्सच्या घरी. हो, तोच जेम्स, ज्याने १७५५ मध्ये पेशव्यांच्या फौजेच्या साथीने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. एलायझाचा नवरा डॅनियल ड्रेपर कंपनीचा मुंबईतला अधिकारी. एप्रिलमध्ये ती मुंबईला निघाली आणि स्टर्न तिच्या नावाने रोजनिशी लिहीत बसला. त्यात तो स्वतःला ‘ब्रामिन’ आणि तिला ‘ब्रामिनी’ म्हणतो. आपल्याकडच्या वाचकाला यावर काय वाटायचं ते वाटो. १७७३ च्या जानेवारीत ती माझगावच्या बेल्व्हेडियर या घरातून नवऱ्याला सोडून पळाली.

तिच्या लग्नाची १७५८ ची नोंद शोधायची तर मुंबईच्या चर्चमधून लंडनला गेलेल्या नकला बघाव्या लागतात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात एन/३ या क्रमांकमालेत आहेत. बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. ‘फाइंडमायपास्ट’वर त्यांच्या प्रतिमा पैसे भरून मिळतात. त्याआधी ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट चाळून घ्या. आणि ड्रेपर या नावाने नवऱ्याची बाजू सापडेल, तिची नाही. तिच्यासाठी माहेरचं आडनाव टाका: स्क्लेटर.